मॅडम कुठे राहतात

फेब्रुवारी लागला की नाशिकच्या आमच्या जेलरोडच्या गच्चीवरून एकलहऱ्याच्या वीज केंद्राच्या धुराड्यांचा धूर वेगळा दिसायला लागतो. डिसेंबर-जानेवारीत तो धुक्यात मिसळलेला असतो. धुकं कुठे संपलं आणि धूर कुठे सुरू झाला, कळत नाही. थंडी सैल झाली की तो एकटा पडतो आणि सरळ वर जातो. खाली रस्त्यावर हातगाड्या लागतात, हिरव्या आणि काळ्या द्राक्षांच्या. हायवेने रिकाम्या क्रेटांचे टेम्पो खडखडत पिंपळगावकडे जातात, येताना मात्र त्यांचा आवाज भरलेला, जड असतो. ज्या घरात दहावीचं पोर आहे त्या घराच्या खिडकीत सकाळी लवकर दिवा दिसतो. वर्षातले हे सगळ्यात चांगले दिवस, असं आमच्याकडे कुणीही सांगेल.

मला या दिवसांत भीती वाटते. कारण काही नसतं. मटार सोलताना, स्कूटरला किक मारताना, कुणाशी फोनवर बोलताना मध्येच छातीत काहीतरी आवळून येतं. माझी बायको वैशाली शाळेत शिक्षिका आहे, मुलांचे चेहरे वाचायची तिला सवय आहे. ती डबा भरता भरता माझ्याकडे बघते आणि म्हणते, "आलं वाटतं तुमचं फेब्रुवारीचं." ती पुढे विचारत नाही, कारण तिला माहीत आहे.

हे सुरू झालं त्या वर्षी आमच्या घरात दोन परीक्षा होत्या. केतकी, आमची मुलगी, दहावीला होती. आणि मी घरी होतो.

सातपूरच्या एका कारखान्यात मी बरीच वर्षं नोकरी केली. तिथे पंप बनायचे. मी पंप बनवत नव्हतो, पंपांबद्दल लिहीत होतो. माहितीपत्रकं, प्रदर्शनातले फलक, डीलरांना जाणारी पत्रं, दिवाळीच्या शुभेच्छा. दिवाळी उलटली आणि मालकांनी केबिनमध्ये बोलावलं. चहा मागवला, तेव्हाच मला कळायला हवं होतं. म्हणाले, "शिरसाठ, हे लिहिण्याबिहिण्याचं काम आता बाहेरून करून घ्यावं म्हणतोय. तुम्हीही घरून काही बघा ना. हल्ली सगळे घरूनच करतात."

सगळे घरून करतात, पण सुरुवात कुठून करतात हे कुणी सांगत नाही. सकाळी वैशाली शाळेला आणि केतकी क्लासला गेली की मी मफलर गुंडाळून जेवणाच्या टेबलाशी बसायचो. फरशी इतकी गार असायची की पाय खुर्चीवर घ्यावे लागत. लॅपटॉप उघडायचा आणि जिथे काम देणारे आणि घेणारे भेटतात अशा वेबसाइटवर जायचं. तिथे पहिलीच रिकामी चौकट होती, 'स्वतःबद्दल लिहा.' पंपाच्या बेअरिंगबद्दल पानभर लिहिणारा मी, त्या चौकटीपुढे बसून राहिलो. फोटो लावायचा होता. केतकीने गच्चीवर नेऊन काढला. फोटोत मी पासपोर्टच्या फोटोत असतो तसा दिसत होतो, पकडल्यासारखा.

एखादं काम दिसायचं, 'मराठी लेखक हवा, घरून काम.' मी अर्ज लिहीपर्यंत खाली अर्जांची रांग लागलेली असायची. कुणी म्हणायचं, आधी नमुना पाठवा. मी केसांच्या तेलावर नमुना लिहिला. दातांच्या दवाखान्यावर लिहिला, सोलर पंपावर तर जीव ओतून लिहिला. पाठवल्यावर ते लोक नाहीसे व्हायचे. विहिरीत दगड टाकावा आणि आवाजच येऊ नये, तसं वाटायचं. फोन वाजला नाही की भीती, आणि वाजला की जास्त भीती. पलीकडून कुणी इंग्रजीत बोलायला लागलं तर? कुणी वय विचारलं तर?

दाराची बेल वाजली तरी मी दचकायचो. कामाच्या वेळी पुरुष घरात सापडणं हे आमच्या कॉलनीत फार काळ लपत नाही. समोरच्या दारात गायकवाड काका राहतात. एकलहऱ्याच्या वीज केंद्रातून निवृत्त झालेले, सकाळी दहाच्या सुमाराला कुंड्यांना पाणी घालणारे. ते रोज तेवढंच विचारायचे.

"काय शिरसाठ, आज सुट्टी का?"

"नाही काका, घरूनच काम आहे."

"असं का. कंपनी कोणती म्हणालास?"

"बऱ्याच आहेत."

काका मान हलवून पुढच्या कुंडीकडे वळायचे. त्यांना खरं कळलंय की नाही याचा विचार करत मी दार लावून घ्यायचो, आणि उगाचच कडीही घालायचो.

संध्याकाळी टेबलाच्या एका टोकाला केतकी अभ्यास करायची, दुसऱ्या टोकाला मी. एकदा ती वहीतून डोकं वर न काढता म्हणाली, "बाबा, तुमचीपण प्रिलिमच चाललीये." मी हसलो. नंतर बराच वेळ मला स्क्रीनवरचं काही वाचता आलं नाही.

माझा थोरला भाऊ पिंपळगावजवळ गावी द्राक्षं करतो. त्याला माझ्या नव्या धंद्याचं फार कोडं पडलं होतं. फोनवर म्हणाला, "घरी बसून काय लिहितो रे तू एवढं?"

"जाहिराती, दादा. लोकांच्या मालाच्या."

"मग आपल्या बागेची लिही की. लय गोड हाय यंदा माल."

दुसरं काही हातात नव्हतं म्हणून मी खरंच लिहिलं. कडाक्याच्या थंडीत मणी तडकू नयेत म्हणून दादा पहाटे बांधावर शेकोट्या करून धूर करतो, ते लिहिलं. कात्री धरणाऱ्या बायका घडाला देठाशीच धरतात, मण्याला बोट लागू देत नाहीत, ते लिहिलं. बोट लागलं की मण्यावरची पांढरट लव पुसली जाते आणि द्राक्ष शिळं दिसतं. ते पान मी त्या वेबसाइटवर माझ्या नावाखाली टाकलं आणि विसरून गेलो.

चार-सहा दिवसांनी फोन आला. बाईचा आवाज होता, वयस्कर पण खणखणीत.

"शिरसाठ ना? तुमचं द्राक्षांचं वाचलं. पहिला परिच्छेद काढून टाका, दुसऱ्यापासून चांगलं आहे. माझ्याकडे काम कराल?"

त्या अनुराधा मॅडम. छोट्या छोट्या कंपन्यांची जाहिरातीची कामं त्या घेत. मसाले, ठिबकचे पाइप, दवाखाने, सहली. आणि ती वेगवेगळ्या गावांतल्या लेखकांत वाटत. आम्ही सगळे एका सामायिक फाईलमध्ये लिहायचो. आपापल्या घरून ती एकाच वेळी उघडता यायची, आणि कोण कुठल्या ओळीवर आहे ते नावाच्या बारीक रंगीत झेंड्यावरून दिसायचं. निळा झेंडा मीनलचा, हिरवा फारूकचा. दोघांचे आवाजही मी ऐकले नव्हते. लेखकांनी आपसात गप्पा मारायच्या नाहीत, ही मॅडमची शिस्त. त्यांचा झेंडा लाल. तो माझ्या ओळीकडे सरकायला लागला की मी टाइप करणं थांबवायचो. वाक्याच्या मध्यावर येऊन तो थांबायचा आणि माझा एखादा आवडता शब्द दिसेनासा व्हायचा.

मला त्यांची धास्ती होती आणि त्यांचाच आधार होता. सकाळी त्यांचा फोन येईपर्यंत वाटायचं, आज नाही येणार, आज त्यांना माझ्याहून बरा कुणी सापडला असेल. म्हणून त्या जे सांगतील त्याला मी 'हो मॅडम' म्हणायचो. या धंद्यातले शब्द मला नवे होते. निम्मे समजायचे नाहीत. विचारलं तर अडाणी ठरू, म्हणून 'हो मॅडम'.

व्हिडिओवर त्या कधी आल्या नाहीत. मी त्यांना मनाने पुण्यात बसवलं होतं, एका उंच, सडपातळ, चष्मेवाल्या बाईच्या रूपात. पहिलं बिल मिळालं त्या आठवड्यात मी म्हणालो, "मॅडम, दादाच्या बागेतली पेटी पाठवतो. पत्ता द्या."

"पत्ता मी कुणाला देत नाही, शिरसाठ. एकटी राहते मी." मग जरा हसून म्हणाल्या, "आणि द्राक्षांचं कौतुक मला नका सांगू. आमच्याकडे या दिवसांत कुणाच्या घरी गेलं तर बेदाण्याची पिशवी हातात देतात."

मी हसलो आणि विषय संपला.

केतकीचा मराठीचा पेपर होता तो दिवस. वैशालीला तिच्या शाळेत पर्यवेक्षण होतं, म्हणून केतकीला केंद्रावर मीच सोडलं. फाटकाशी तिने माझा हात नुसता दाबला आणि आत गेली. घरी आलो तेव्हा ऊन चढलं होतं. पिंपळगावच्या एका पॅकहाउसचं काम चालू होतं, द्राक्षं परदेशी पाठवणाऱ्यांचं. फाईल उघडली तर मॅडमचा लाल झेंडा आधीच तिथे होता. लगेच फोन आला. मी तो स्पीकरवर टाकून टेबलावर ठेवला.

"शिरसाठ, तिसऱ्या ओळीत 'रसाळ' नको. रसाळ सगळेच म्हणतात."

"हो मॅडम."

"आणि तो शेवटचा जिना आहे ना, तो आधी घ्या."

मी शेवटच्या ओळी पाहिल्या. जिना कुठे नव्हता. वाटलं, असेल काहीतरी धंद्यातला शब्द, वाचकाला पायरी पायरीने नेणं वगैरे. "हो मॅडम," मी म्हणालो.

"जिना धुऊन घ्या. म्हणजे त्याला चष्मा लागेल."

मी पेन हातात धरून बसलो. हे लिहून घ्यायचं का? त्यांचा आवाज नेहमीसारखाच होता, घाईचा, ठाम. मला वाटलं, माझंच लक्ष नाही, केतकीच्या पेपरात अडकलंय.

"हो... मॅडम."

"मंगळवारी दूध घातलं की वाक्य उभं... वाक्य उभं राहतं. समजलं ना?"

आता मात्र मी पेन खाली ठेवलं. आवाज तोच होता, पण कडेने ओघळायला लागला होता, मेणबत्ती ओघळते तसा. कारखान्यात आमच्या एका फोरमनला असंच झालं होतं. बोलता बोलता शब्द बदलले, मग जीभ जड झाली. मेंदूतला रक्तपुरवठा अडला, म्हणाले होते डॉक्टर, आणि उशीर फार झाला, असंही म्हणाले होते.

"मॅडम, तुम्ही ठीक आहात ना?"

"मी ठीकच... ठीक... ठी..."

फोनमधून काहीतरी पडून फुटल्याचा आवाज आला, कप असावा. आणि माझ्यासमोरच्या फाईलमध्ये लाल झेंड्यापुढे एक 'क' उमटला. मग दुसरा. मग ते थांबेनात. ककककककक, ओळभर, मग दुसरी ओळ, मग तिसरी. त्यांचा हात त्या एका बटणावर पडून राहिला होता. द्राक्षांची ओळ खाली खाली ढकलली जात होती आणि मी ते नुसतं बघत होतो. इतका मी आयुष्यात कशाला घाबरलो नाही. पलीकडे एक बाई कोसळते आहे हे मला दिसत होतं. आणि पलीकडे म्हणजे कुठे, ते मला माहीत नव्हतं.

फोन बंद करायचा नाही, एवढं सुचलं. एका हातात फोन आणि दुसऱ्या हातात उघडा लॅपटॉप घेऊन मी अनवाणी समोरचं दार ठोठावलं. गायकवाड काका पेपर वाचत होते.

"काका, तुमचा फोन द्या. एकशे आठ लावायचाय. एका बाईंना झटका आलाय."

काकांनी एकही प्रश्न विचारला नाही. स्वतःच नंबर लावला आणि फोन मधल्या टीपॉयवर ठेवला. पलीकडून मुलीचा आवाज आला, "पेशंट कुठे आहे, सर?"

काकांनी माझ्याकडे पाहिलं. "कुठे आहेत बाई?"

"माहीत नाही," मी म्हणालो.

"पेशंटचं पूर्ण नाव?"

"अनुराधा मॅडम."

"आडनाव, सर? गाव तरी सांगा. गावाशिवाय गाडी कुठे पाठवू?"

काका हळू आवाजात म्हणाले, "अरे, रोज बोलतो ना तू त्यांच्याशी?" त्यात टोमणा नव्हता. त्यांना खरंच समजत नव्हतं. मलाही त्या क्षणी समजत नव्हतं. त्या सकाळी चहा कधी घेतात, कुठला शब्द त्यांना चीड आणतो, स्वल्पविराम कुठे हवा, सगळं मला ठाऊक होतं. गाव ठाऊक नव्हतं.

मी लॅपटॉप मांडीवर घेतला. ककच्या त्या भिंतीच्या वर, अगदी पहिल्या ओळीत लिहिलं, 'मॅडमना झटका आला आहे. फोन चालू आहे पण बोलत नाहीत. त्यांचा पत्ता कुणाला माहीत आहे?' 'पत्ता' दोनदा चुकला, तो पुसून पुन्हा लिहिला.

फाईलमध्ये माझ्याखेरीज कुणी नव्हतं. फक्त तो लाल झेंडा आणि त्याचे क. मग हिरवा झेंडा उमटला. फारूक. 'काय झालं?' त्याने लिहिलं आणि लगेच पुसलं, वरचं वाचलं असावं. 'मला माहीत नाही. मीनलला फोन करतो. एकदा चुकून तिचा नंबर मिळालाय.'

टीपॉयवरच्या फोनमधून मुलगी म्हणत होती, "सर, लाइनवर आहात का?" माझ्या फोनमधून मॅडमचा श्वास ऐकू येत होता, घरघर असलेला, अंतराअंतराने. आणि तेव्हा मला बेदाणे आठवले. कुणाच्याही घरी बेदाण्याची पिशवी कुठे देतात? जिथे बेदाण्याचा बाजार भरतो तिथे.

"सांगली," मी म्हणालो. "नाहीतर तासगाव. त्या बाजूला असतील."

"नक्की का, सर?"

"नक्की नाही."

तेवढ्यात निळा झेंडा आला. मीनल भराभर, न सुधारता लिहीत होती, 'सांगलीच. विश्रामबाग. माझ्या बाळाला टोपडं पाठवलेलं कुरिअरने, पाकिटावर होतं. बिल्डिंग पारिजात की प्राजक्त. दोन्हीतलं एक. देवा.' मी मोठ्याने वाचत गेलो आणि काका तसंच्या तसं फोनमध्ये सांगत गेले. मुलगी म्हणाली, गाडी निघतेय, पण बिल्डिंग नक्की कळू द्या. फारूकने लिहिलं, 'नकाशावर बघतो. प्राजक्त आहे, पारिजात नाही. खाली मेडिकल आहे. त्यांचा नंबर मिळाला. लावतो.'

आता करण्यासारखं काही उरलं नाही आणि तेच सगळ्यात वाईट होतं. मी फोन तोंडाजवळ धरला. "मॅडम, लोक येतायत. मी इथेच आहे." नुसता श्वास, आणि दोन श्वासांमधलं अंतर वाढतंय असं मला वाटायला लागलं. काका म्हणाले, "बोलत राहा. काहीपण बोल. माणसाला आवाज पाहिजे." समोर फाईल होती, म्हणून मी तीच वाचायला लागलो. 'पहाटेच्या गारव्यात खुडलेला घड, देठाशी धरून पेटीत ठेवलेला.' परदेशातल्या गिऱ्हाइकाला द्राक्षं विकण्यासाठी लिहिलेल्या ओळी मी एका मरू घातलेल्या बाईला वाचून दाखवत होतो. 'रसाळ' आला तिथे मी अडखळलो आणि तो गाळून पुढे वाचलं.

मग फोनमध्ये दूरवर कुणीतरी दार वाजवलं. "मॅडम, ओ मॅडम." पुन्हा वाजवलं. मग धक्के. काकांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला होता आणि तो हातही घट्ट झाला होता. लाकूड फाटल्याचा आवाज आला, मग पावलं, आणि फाईलमधले क एकदम थांबले. त्यांचा हात कुणीतरी उचलला होता.

"हॅलो, कोण बोलतंय ओ?" मेडिकलवाला असावा.

"मी शिरसाठ, नाशिकहून. मॅडम कशा आहेत?"

"श्वास हाय. डोळे उघडे आहेत. गाडी आली खाली. तुम्ही नातेवाईक का?"

"नाही."

"मग कोण?"

तो थांबलाही नाही, फोन कट झाला.

काकूंनी चहा आणून ठेवला होता, तो गार झाला. काका म्हणाले, "कंट्रोल रूममध्ये आमच्या घंटा वाजायच्या ना, तेव्हा निदान कुठला दिवा लागलाय ते बघून बिघाड कुठे आहे ते कळायचं." मग म्हणाले, "पोरीचा पेपर सुटत आला असेल. गाडी मी चालवतो, तू नुसता बस."

केंद्राच्या फाटकाशी केतकी हसत बाहेर आली, माझा चेहरा पाहून तिचं हसू गेलं. "बाबा, काय झालं? मला सोपा गेला पेपर." काकांनीच तिला सांगितलं.

त्यानंतरचे दिवस मी फोन हातात धरूनच काढले. मॅडमचा फोन बंद. मेडिकलवाला एवढंच सांगे की दवाखान्यात आहेत, भाचा आलाय. मला त्यांच्यासाठी भीती वाटायची, आणि माझ्या कामाचं काय होणार, हीसुद्धा वाटायची. दोन्ही एकाच वेळी, एकाच जागी. आणखी एक विचार पाठ सोडत नव्हता. जिन्यापासून दुधापर्यंत मी 'हो' म्हणत गेलो, त्यात किती वेळ गेला? वैशाली म्हणाली, "तुम्ही फोन ठेवला असता तर? त्याचा विचार करा." मी प्रयत्न केला. तो विचार जास्तच भयंकर होता.

फाईलमध्ये फारूकने लिहिलं, 'काम थांबवू नका. बऱ्या होऊन आल्या की ओरडतील.' मग आम्ही तिघांनी ते काम पुरं केलं. एकमेकांची वाक्यं आम्हीच कापली. ते क पुसायला मात्र कुणी तयार होईना. शेवटी एका सकाळी मीनलने पुसले असावेत. फाईल उघडली तेव्हा ते नव्हते.

परीक्षा संपल्या, बागा रिकाम्या झाल्या, उन्हाळा चांगलाच तापला तेव्हा त्यांच्या भाच्याचा फोन आला. मावशी घरी आली आहे, तुम्हाला भेटायचं म्हणते. मी बसने सांगलीला गेलो. उंच, सडपातळ बाई नव्हती ती. बुटकी, गोल चेहऱ्याची, खिडकीशी खुर्चीत बसलेली, उजवा हात मांडीवर ठेवून दिलेला. मी नमस्कार केला. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. बहुधा त्यांनीही माझ्या आवाजाला दुसराच कुणी चेहरा दिला असावा.

"शि... साठ," त्या म्हणाल्या.

"हो मॅडम."

त्यांनी डावा हात उचलून रागाने हलवला. "हो... नको."

"हो म्हणू नको?"

त्यांनी मान डोलावली. शब्द एकेक करून, लांबून आणल्यासारखे येत होते. मध्ये थांबत, डोळे मिटत त्यांनी जे सांगितलं ते असं, की त्यांना स्वतःचं बोलणं बरोबरच ऐकू येत होतं. त्यांना वाटत होतं, आज शिरसाठला काय झालंय, हा असा चाचरतोय का. भीती नंतर वाटली, स्क्रीनकडे पाहिलं तेव्हा. "क... थांबेना," त्या म्हणाल्या. "हात... माझा नव्हता." त्यांच्या डोळ्यांत ती भीती अजून तशीच होती. मी ती ओळखली. आम्ही दोघं एकाच वेळी, दोन गावांत, एकाच अक्षराकडे बघत होतो.

निघताना भाच्याच्या बायकोने माझ्या हातात बेदाण्याची पिशवी दिली. मी ती बसमध्ये मांडीवर धरून बसलो, उघडली नाही.

मॅडमची वाचा पुष्कळ परत आली आहे, पण काम त्यांनी सोडलं. त्यांची गिऱ्हाइकं हळूहळू आम्हा तिघांकडे आली, आणि आता मीही थोडं काम नव्या मुलांना वाटतो. केतकी शिकायला बाहेरगावी आहे. यंदा महिनाभरापूर्वी श्रावणी नावाची एक मुलगी लिहायला लागली. हात चांगला आहे तिचा. फोटो नाही, गाव नाही, नाव आणि नंबर तेवढा. परवा दुपारी तिच्याशी फोनवर बोलत होतो. ती म्हणाली, "सर, दुसरी ओळ..." आणि थांबली. मग एक तुटका, ओढलेला आवाज आला, आणि काहीच नाही.

मी खुर्चीतून उठलो. "श्रावणी, ऐकू येतंय का? घरी कोण आहे तुमच्याजवळ? एकट्या आहात का? कुठे राहता तुम्ही?"

मी पुन्हा पुन्हा हाका मारल्या. मग तिचा आवाज स्पष्ट आला. "सर, रेंज गेली होती." आणि मग, बदललेल्या सुरात, "हे का विचारताय तुम्ही?"

"काही नाही. असंच."

"बरं," ती म्हणाली आणि फोन ठेवला. संध्याकाळपर्यंत तिचं काम आलं नाही, निरोपही नाही.

वैशाली घरी आल्यावर मी तिला सांगितलं. ती चप्पल काढता काढता थांबली. "कधी न पाहिलेल्या पुरुषाने मला विचारलं असतं, एकटी आहेस का, कुठे राहतेस, तर मी नंबरच बदलला असता."

ते माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. माझी भीती मला एवढी ओळखीची झाली होती की दुसऱ्याच्या कानाला ती कशी लागेल, हे सुचलंच नाही. ती मुलगी या क्षणी कुठल्यातरी खोलीत माझ्यामुळे घाबरून बसली असेल. मी तिला निरोप लिहायला घेतला. माफी लिहिली, पुसली. मॅडमची सगळी हकीकत लिहिली, तीही पुसली. एवढं लांब कोण वाचेल आणि का विश्वास ठेवेल. मग मी माझं पूर्ण नाव लिहिलं. घर नंबर, कॉलनी, जेलरोड, नाशिकरोड. वैशालीचा नंबर लिहिला, गायकवाड काकांना विचारून त्यांचा लिहिला. खाली लिहिलं, 'हा माझा पत्ता. माझ्याशी बोलताना कधी माझ्या बोलण्याचा अर्थ लागेनासा झाला, तर हो म्हणू नका. यांपैकी कुणालाही फोन करा. तुमचा पत्ता मला नको आहे.'

निरोप गेला. तिने वाचल्याची खूण उमटली. मी गच्चीत गेलो, खाली आलो, पाणी प्यायलो. वैशालीने पोळ्या केल्या. आम्ही जेवायला बसलो तेव्हा फोन वाजला. तिने पाठवायचं राहिलेलं काम पाठवलं होतं, दोन्ही परिच्छेद नीट सुधारून. त्याच्या खाली एक ओळ होती.

'सर, आम्ही रूमवर तिघी असतो.'

गाव तिने लिहिलं नव्हतं. मी ती ओळ वैशालीला दाखवली. तिने वाचली, माझ्याकडे पाहिलं आणि माझ्या ताटात आणखी एक पोळी वाढली.